रमाबाईंच्या वाट्याला आलेले दिवस

पंडिता रमाबाईंची ओळख आपल्याला संस्कृत पंडिता आणि समाजसुधारक म्हणून असते. डॉक्टरच्या नजरेनं त्यांचं चरित्र वाचलं, तर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती मृत्यूंची रांग. सोळाव्या वर्षी दक्षिणेतल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि बहीण काही महिन्यांत गेली. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरणारं हे कुटुंब शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढत होतं. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले, तेव्हा मुलगी मनोरमा दहा महिन्यांचीही नव्हती. कॉलऱ्यात माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. आज सलाइन आणि मीठ-साखरेच्या पाण्यावर बहुतेक रुग्ण वाचतात. तेव्हा या रोगाचा जंतूही रॉबर्ट कॉख यांना सापडायचा होता.

त्याच वर्षी हंटर आयोगासमोर साक्ष देताना रमाबाईंनी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याहून मोठा घाव म्हणजे सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. परका देश, पदरी लहान मूल. त्यानंतर काही दिवसांतच, २९ सप्टेंबरला, वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

इथं चरित्रकार घाई करतात, असं मला वाटतं. धर्म बदलला आणि मन निवांत झालं, असं घडलं नाही. त्या प्रश्न विचारत राहिल्या, मठातल्या आपल्या गुरू-भगिनींशी वाद घालत राहिल्या. बुद्धीला पटलेला धर्म मनाला आधार देत नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचल्यानंतर ती शांती त्यांना लाभली. आपण पात्र होण्याआधीच ख्रिस्तानं आपल्याला स्वीकारलं आहे, ही जाणीव त्यांना पुरली. लहानपणापासून व्रतं आणि तीर्थं करूनही घर उपाशी मेलेलं पाहिलेल्या बाईला ही जाणीव किती मोठी वाटली असेल! वॉर्डातही श्रद्धेचे दोन प्रकार दिसतात. एक उपचार लांबवते, दुसरी उपचार सोसायचं बळ देते. रमाबाईंची दुसऱ्या जातीची.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. आपण सोळाव्या वर्षी पाहिलेले चेहरेच त्यांना तिथं पुन्हा दिसले असणार. पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवणं अशक्य, म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती मिशन. देवावर भरवसा होता म्हणून सरकारी व्यवस्थेकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रिया सुरक्षित नाहीत, असं त्यांनी वृत्तपत्रात उघडपणे लिहिलं आणि तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावात सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. विहिरी, शेती, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, सगळं तिथंच.

शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आपलं सगळं काम मनोरमा पुढे नेईल, अशी त्यांची अपेक्षा होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तोवर रमाबाईंचीही तब्येत ढासळली होती, ऐकू जवळपास येत नव्हतं. तरी भाषांतराची मुद्रितं तपासणं चालू राहिलं. ते काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी देह ठेवला.