शंकर पुरुषोत्तम आघारकर

शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८ नोव्हेंबर १८८४, मालवण – २ सप्टेंबर १९६०) हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवीत असताना त्यांना पश्चिम घाटात गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. ही प्रजाती तोवर केवळ आफ्रिकेतच ज्ञात होती. वनस्पतिशास्त्रज्ञाला पहिली ख्याती अशी एका प्राण्यामुळे लाभली. पुढे ते जर्मनीत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले व ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. तरीही त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

निवृत्तीच्या वयात, १९४६ मध्ये, पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते संस्थापक-संचालक झाले व अखेरपर्यंत तिच्या उभारणीत गुंतून राहिले. शैवाक (दगडफूल) हा त्यांचा अभ्यासविषय नव्हता. मात्र त्यांच्या पश्चात याच संस्थेत पटवर्धन, उर्मिला मखिजा आदींनी शैवाकांचा मोठा संग्रह उभारला आणि पश्चिम घाटाप्रमाणेच अंदमान बेटांवरील, साल वा खडकाला पापुद्र्यासारख्या घट्ट चिकटून वाढणाऱ्या शैवाकांच्या अनेक नव्या जाती नोंदवल्या. १९९२ मध्ये संस्थेला आघारकरांचे नाव देण्यात आले. ती ज्या रस्त्यावर आहे, तो मात्र समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाचा आहे.