पिसुर्लेकर : कागदाची पारख करणारा इतिहासकार

सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावी ३० मे १८९४ रोजी जन्मलेले पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर यांना मराठी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषा सारख्याच अवगत होत्या. त्या काळी मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांना पोर्तुगीज येत नसे आणि पोर्तुगीज इतिहासकारांना मराठी कागद वाचता येत नसत. दोन्हीकडचे पुरावे समोरासमोर ठेवण्याचे काम पिसुर्लेकरांनी आयुष्यभर केले.

१९३०च्या दशकाच्या आरंभी गोव्याचे दफ्तरखाने त्यांच्या हाती आले. १५९५ साली दिओगो दो कौतो यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या या संग्रहात लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार, शेजारच्या राजांना लिहिलेली पत्रे आणि राज्य सल्लागार मंडळाचे ठराव होते. हे सर्व कागद अस्सल असले, तरी सर्वांचे वजन सारखे नव्हते. राजाला धाडलेल्या पत्रात अपयश झाकण्याचा मोह असतो. संकटाच्या घडीला बंद दालनात नोंदलेल्या ठरावात भीती आणि मतभेदही उतरतात.

१६८३च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले, तेव्हा गोवे शहर हातचे जाण्याची वेळ आली होती. शहर चमत्काराने वाचले, अशी श्रद्धा पुढे रूढ झाली. बखरी तर कित्येक दशकांनंतरच्या. समकालीन कागद मात्र वेगळे कारण दाखवतात : शहाजादा शाह आलम मोगल फौजेसह कोकणात उतरत असल्याने संभाजीराजांना ही मोहीम आवरती घ्यावी लागली. अशा प्रसंगी कोणता कागद प्रमाण मानावा, यावरच इतिहासाचा निवाडा ठरतो.

सापडलेले साधन पिसुर्लेकरांनी स्वतःपुरते ठेवले नाही. सल्लागार मंडळाचे ठराव १९५३ ते १९५७ या काळात त्यांनी पाच खंडांत छापून काढले आणि १९५५ साली दफ्तरखान्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष मूळ कागदांवरून पडताळण्याची वाट इतरांना मोकळी झाली. १९६७ साली पुणे विद्यापीठाने त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ प्रकाशित केला. १० जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. गोव्याच्या भूतकाळाविषयी आजही हिरिरीने वाद होतात. त्या वादांत उतरण्यापूर्वी हे खंड उघडणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.