दह्यात दीर्घायुष्य शोधणारा शास्त्रज्ञ

उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो. जवळपास त्याच आकाराची वटवाघळे मात्र वीस-तीस वर्षेही जगतात. कुत्रा पंधराव्या वर्षी थकतो, तर मोठ्या जातीचा पोपट पन्नाशी गाठू शकतो. निसर्गाने आयुष्याची ही वाटणी कोणत्या हिशेबाने केली असावी? विसाव्या शतकाच्या आरंभी या कोड्याच्या मागे लागलेले एक शास्त्रज्ञ थेट दह्याच्या वाटीपर्यंत जाऊन पोहोचले. एली मेचनिकॉफ हे त्यांचे नाव. वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेरोन्टॉलॉजी’ ही संज्ञा त्यांनीच १९०३ मध्ये दिली.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह परिसरातला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. बुद्धी अशी तल्लख असली, तरी मन मात्र विलक्षण हळवे होते. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिलाशी विवाह केला, तेव्हा ती क्षयाने इतकी खंगलेली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षांत ती गेली आणि त्यांनी स्वतःचे जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अत्यवस्थ झाली, तेव्हाही त्यांनी तोच मार्ग धरला. दोन्ही वेळा ते वाचले. जगण्याला इतक्या सहजपणे पाठ फिरवू पाहणाऱ्या या माणसाने उत्तरायुष्यात माणसाचे आयुष्य कसे वाढेल याचाच ध्यास घेतला.

त्यांची कीर्ती मात्र आधी वेगळ्याच कामाने झाली. १८८२ मध्ये ते इटलीतील मेसिना येथे राहत होते. घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहायला गेली असताना ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. ताराम्याशाच्या पारदर्शक पिल्लाच्या शरीरात त्यांनी गुलाबाचे बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती हलत्या पेशींचा गराडा! बाहेरून आलेल्या शत्रूला गिळणाऱ्या भक्षक पेशींचा सिद्धांत येथे आकाराला आला. त्यासाठीच १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह विभागून मिळाले. मुंबईकरांना एक धागा परिचयाचा वाटेल. प्लेगची लस तयार करणारे आणि परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्देमार हाफकिन हे ओडेसा येथील विद्यापीठात मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते.

१८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली. तेथे त्यांचे लक्ष वार्धक्याकडे वळले. प्राण्यांची तुलना करता करता त्यांच्या डोळ्यांत एक गोष्ट भरली. दीर्घायुषी पक्ष्यांचे आणि वटवाघळांचे मोठे आतडे अगदी आखूड, तर सस्तन प्राण्यांचे लांबलचक. शत्रूपासून पळताना मलविसर्जनासाठी थांबावे लागू नये म्हणून सस्तन प्राण्यांत ही कोठी तयार झाली, असे ते मानत. या कोठीत अन्न कुजते, सूक्ष्मजीव विषे निर्माण करतात, त्या विषांनी पेशी दुबळ्या होतात आणि अखेर शरीराच्याच भक्षक पेशी त्यांना गिळतात. हेच वार्धक्य, असा त्यांचा निष्कर्ष. हत्तीचे मोठे आतडे प्रचंड असूनही तो साठी गाठतो, ही अडचण मात्र त्यांच्या सिद्धांताला पेलणारी नव्हती.

कुजणे थांबवायचे तर आंबट दूध हा उपाय. बल्गेरियात शतायुषींची संख्या मोठी आणि तेथील आहारात दही भरपूर, यावर त्यांनी बरीच भिस्त ठेवली. त्या काळी खेड्यापाड्यांतील वयांच्या नोंदी कितपत भरवशाच्या होत्या, हा प्रश्न वेगळा. १९०४ मधील त्यांच्या व्याख्यानानंतर युरोपात दह्याची लाट आली. जीवाणूंच्या गोळ्याही बाजारात आल्या. पिढ्यानपिढ्या ताक-दही ओरपणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला याची गंमत वाटेल. परंतु दुसरी बाजू गमतीची नव्हती. लंडनमधील शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी आतड्यातील विषांच्या याच कल्पनेपायी रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकण्याचा सपाटा लावला. काहींनी त्यात प्राण गमावले.

आतड्याचा सिद्धांत टिकला नाही. निरीक्षण मात्र टिकले. पीटर मेडावर यांनी १९५२ मध्ये आणि जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या विचारांतून वेगळे उत्तर पुढे आले. उंदीर म्हातारा होण्याआधीच घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. त्यामुळे उतारवयात घातक ठरणारे आनुवंशिक दोष निसर्गाच्या चाळणीतून सुटतात. उडणारा प्राणी शत्रूच्या तावडीत कमी सापडतो, दीर्घकाळ पिल्ले देतो, म्हणून त्याचे शरीर टिकाऊ असणे फायद्याचे ठरते. सैबेरियातील सुमारे ७ ग्रॅम वजनाचे एक वटवाघूळ किमान ४१ वर्षे जगल्याची नोंद आहे. याचे मर्म आतड्यापेक्षा पंखांत अधिक दिसते. तरीही मेचनिकॉफ यांना पुरते मोडीत काढता येत नाही. २०१७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी तरुण किलीफिशच्या आतड्यातील सूक्ष्मजीव मध्यमवयीन माशांना दिले, तेव्हा त्या माशांचे आयुष्य वाढलेले आढळले.

स्वतः मेचनिकॉफ रोज आंबट दूध घेत आणि कच्चे अन्न टाळत. आपल्या घराण्यात फारसे कोणी दीर्घायुषी नाही, आणि हा आहारही आपण पन्नाशीनंतर सुरू केला, असा हिशेब ते मांडत. पहिल्या महायुद्धाने प्रयोगशाळा ओस पडली आणि त्यांचे हृदय थकत गेले. मृत्यूनंतर आपल्या आतड्यांची नीट तपासणी करावी, असे त्यांनी एका डॉक्टर सहकाऱ्याला सांगून ठेवले होते. जुलै १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा अस्थिकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या सान्निध्यात ठेवण्यात आला.