तापीकाठचे स्वरपंडित पुंडरीक विठ्ठल

बुऱ्हाणपूर म्हटले की तापीकाठचा शाही किल्ला व जवळचा असीरगड आठवतो. परंतु आपण उपासनेत पेटीवर ज्या सा रे ग म च्या आधाराने गातो, त्यांच्या शास्त्राशीही या नगरीचे जुने नाते आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

सोळाव्या शतकात येथे खानदेशच्या फारुकी सुलतानांचा दरबार होता. त्या दरबारी कर्नाटकातून पुंडरीक विठ्ठल नावाचे पंडित आले. त्या काळी गवई एक गात आणि ग्रंथ दुसरेच सांगत. हा गोंधळ निस्तरण्याचे काम बुऱ्हाणखानाने त्यांच्यावर सोपविले. त्यातून सद्रागचंद्रोदय हा संस्कृत ग्रंथ तयार झाला.

अडचण कोठे होती? ज्यांच्या घरी पेटी असेल त्यांनी फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवून पाहाव्यात. पांढरी एकला सा धरला तर बिलावलाचे स्वर निघतात. पांढरी दोनला सा धरला तर काफीचे आणि पांढरी तीनला धरला तर भैरवीचे. पट्ट्या त्याच, पण आरंभ बदलताच रूप बदलते. हीच जुन्या ग्रंथांतील मूर्च्छना होय. युरोपातील मध्ययुगीन मंडळीच्या गायनातील स्वरसप्तकेही याच रीतीने समजावितात.

पुढे गायनाची रीत पालटली. सा एकाच जागी स्थिर झाला व इतर स्वर कोमल-तीव्र करून निरनिराळी सप्तके होऊ लागली. अशा सप्तकाला मेल म्हणत. पुंडरीकांनी जुन्या मूर्च्छना उगाळीत न बसता 19 मेल सांगितले व रागांची वाटणी त्यांत केली.

नंतर ते कछवाह राजपुत्र माधोसिंहाच्या आश्रयास गेले. तेथे लिहिलेल्या रागमंजरीत त्यांनी फारसी रागांनाही स्थान दिले. यमन त्यांनी कल्याणाशेजारी बसविला, तर सरपर्दा बिलावलाशेजारी. अकबरासाठी त्यांनी नर्तननिर्णय लिहिला.

1601 साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य लयास गेले. ग्रंथ मात्र उरला. पंडित विष्णू नारायण भातखंडे (1860–1936) यांनी तो अभ्यासून छापविला. आज विद्यार्थी शिकतात ते त्यांचे दहा थाट म्हणजे त्याच मेलविचाराची पुढची पायरी होय.

वाचकहो, परमुलखातून आलेल्या या पंडिताने दक्षिणेची विद्या आणली, पण उत्तरेच्या गाण्याला परके मानले नाही. सुलतानाचे तख्त गेले, पण त्याच्या आश्रयाने झालेले हे काम टिकले.