निशाण अचूक लावणारा वस्ताद : लहुजी साळवे

बुलडाणा जिल्ह्यातील गावागावांत दरवर्षी १४ नोव्हेंबरला एका भारदस्त पुरुषाच्या प्रतिमेला हार घातला जातो. पिळदार मिशा, करारी नजर आणि शस्त्रधारी बाणा अशा रूपातील ही प्रतिमा क्रांतिवीर लहुजी वस्ताद साळवे यांची. मातंग समाजाचे दैवत म्हणून त्यांना सारे ओळखतात. मात्र ते मुळात कशाचे वस्ताद होते, याचे स्मरण जयंतीच्या जल्लोषात मागे पडते. लहुजी कुस्तीचे, दांडपट्ट्याचे आणि तलवारीचे वस्ताद होतेच. पण त्यांची ख्याती बंदुकीच्या निशाणबाजीसाठीही तितकीच होती.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी झाला. वडिलांचे नाव राघोजी, आईचे विठाबाई. गडकोटांच्या संरक्षणाची परंपरा असलेल्या या घराण्यात मुलांना शस्त्रविद्येचे धडे घरीच मिळत. राघोजी स्वतः नावाजलेले योद्धे होते. पित्याच्या हाताखाली लहुजी भाला, पट्टा, घोडदौड आणि बंदूक शिकले.

त्या काळातील बंदूक चालवणे हे आजच्यासारखे केवळ चाप ओढण्याचे काम नव्हते. तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुकीत आधी नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, त्यावर शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ती ठासायची. तोड्याच्या बंदुकीत मग कानाशी रंजक घालून पेटता तोडा सांभाळायचा. दारू कमी पडली तर गोळी निशाणापर्यंत पोहोचत नसे, जास्त झाली तर नळी फुटून चालवणाऱ्याच्याच जिवावर बेतत असे. पावसाळी हवेत रंजक भिजे. बार उडाल्यावर नळीत साचलेली काजळी ओल धरी आणि वेळीच धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवला नाही तर लोखंड गंजून जाई. त्यामुळे निशाणबाज होण्याआधी माणसाला आपल्या हत्याराचा कारागीर व्हावे लागे. लहुजींच्या शिक्षणाचा हाच पाया होता.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या रणांगणावर पेशव्यांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले. या लढाईत राघोजींना वीरमरण आले. पुण्यातील वाकडेवाडी येथे आजही त्यांची समाधी आहे. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. वऱ्हाडातील जनतेने हा अनुभव चौदा वर्षे आधीच घेतला होता. नोव्हेंबर १८०३ मध्ये आताच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि पाठोपाठ झालेल्या देवगावच्या तहाने वऱ्हाड निजामाच्या पदरात गेले. मराठी सत्तेची शस्त्रे अशी एकेका रणांगणावर थंडावत होती. ऐन तेविशीत पित्याचे छत्र हरपलेल्या लहुजींनी मात्र देशासाठीच जगण्या-मरण्याचा निर्धार केला, असे परंपरा सांगते. ते आजन्म अविवाहित राहिले.

१८२२ च्या सुमारास त्यांनी पुण्यात तालीम सुरू केली. पेशवाई बुडाल्याने हजारो शिपाई बेकार झाले होते. बापाच्या हातची विद्या मुलाच्या हाती जाण्याची साखळी तुटत चालली होती. अशा वेळी लहुजींनी जुनी शस्त्रविद्या मातीच्या हौद्यात जिवंत ठेवली. त्यांची तालीम म्हणून ओळखली जाणारी वास्तू पुण्याच्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत आहे.

या तालमीचे खरे वेगळेपण तिथल्या शिष्यांत दिसते. ज्या पुण्यात काही वर्षांपूर्वीपर्यंत अस्पृश्याची सावलीही चालत नसे, त्याच पुण्यात एका मातंग वस्तादापुढे उच्चवर्णीय तरुण शिष्य म्हणून उभे राहू लागले. जोतीराव फुले तरुणपणी येथेच दांडपट्टा आणि गोळीचे निशाण मारणे शिकले. परकीय सत्ता उलथवण्याच्या विचाराने त्या वयात त्यांना झपाटले होते. पुढे त्यांनी आपल्या लेखनात या गुरूचा आवर्जून उल्लेख केला.

जोतीरावांची लढाई पुढे वेगळ्या मैदानावर गेली आणि वस्तादांच्या आयुष्याची कसोटी इथेच लागली. १८४८ मध्ये जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्य मुलांसाठी शाळा सुरू केल्या. शिष्याने बंदूक सोडून पाटी-पेन्सिल उचलली म्हणून लहुजी रुष्ट झाले नाहीत. उलट आपल्या समाजातील मुलामुलींना शाळेत पाठवण्यासाठी त्यांनी शब्द खर्ची घातला. सनातन्यांच्या विरोधाला तोंड देणाऱ्या फुले दांपत्याच्या पाठीशी तालमीचा धाक उभा राहिला. साळवे घराण्यातील मुक्ता या शाळेत शिकली आणि १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. अवघ्या किशोरवयीन मुलीने लिहिलेला हा निबंध दलित साहित्याच्या इतिहासात आद्य मानला जातो. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या शस्त्र हाती धरले, त्याच घराण्यातील मुलीने लेखणीने असा नेम साधला.

वस्तादांचा दुसरा विख्यात शिष्य म्हणजे वासुदेव बळवंत फडके. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या या तरुणाने १८७९ मध्ये रामोशी, मातंग आदी समाजांतील तरुणांना सोबत घेऊन सशस्त्र बंड पुकारले. त्या वेळी लहुजींनी वयाची चौऱ्याऐंशी वर्षे पार केली होती. इंग्रजांनी १८७८ मध्येच शस्त्र कायदा करून परवान्याविना शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आणले होते. जी बंदूक कधी गावच्या राखणदाराच्या खांद्यावर असे, ती आता साहेब, संस्थानिक आणि बडे जमीनदार यांच्या शिकारीच्या शौकाची वस्तू बनली. सामान्यांच्या घरातील हत्यारे जप्त झाली किंवा आढ्याला गंजत पडली. फडक्यांचे बंड मोडले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पकडले गेले आणि त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजींनी देह ठेवला. पुण्यातील संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे. नियतीचा योग असा, की बरोबर दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी फडक्यांनीही एडन येथे प्राण सोडला. २००३ मध्ये राज्य शासनाने मातंग समाजाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला, तेव्हा त्याला लहुजींचेच नाव देण्यात आले.

जुन्या बंदुका आज वस्तुसंग्रहालयांच्या काचेआड किंवा जुन्या वाड्यांच्या भिंतींवर दिसतात. त्यांची नळी, चाप आणि दस्ता यांवरील कोरीवकाम पाहून आपण थक्क होतो. पण त्या बंदुका ज्यांनी खांद्याला लावल्या, धुतल्या-पुसल्या, दुरुस्त केल्या आणि इतरांना चालवायला शिकवल्या, त्यांची नावे त्या काचेखालच्या पाटीवर नसतात. लहुजींचे नाव राहिले, ते त्यांनी विद्या स्वतःपुरती ठेवली नाही म्हणून. जात न पाहता ज्याने मागितली त्याला त्यांनी ती दिली आणि काळ बदलला तेव्हा शस्त्राइतकीच शाळाही आपली मानली. १४ नोव्हेंबरला प्रतिमेला हार घालताना मुलांच्या हाती वही-पुस्तकही पडले, तर वस्तादांची तालीम खऱ्या अर्थाने चालू राहिली असे म्हणता येईल.