क्लेमेन्स फॉन पिर्के

क्लेमेन्स फॉन पिर्के (१२ मे, १८७४ - २८ फेब्रुवारी, १९२९) हे ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ व संशोधक होते. ॲलर्जी (अधिहर्षता) ही संज्ञा त्यांनी १९०६ मध्ये रूढ केली. क्षयरोगाच्या संसर्गासाठी त्वचेवर करावयाची चाचणीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जीवन व शिक्षण
पिर्के यांचा जन्म व्हिएन्नाजवळील हिर्शश्टेटन येथे एका सरदार घराण्यात झाला. इन्सब्रुक येथे धर्मशास्त्र आणि लूव्हाँ येथे तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केल्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. १९०० मध्ये ग्रात्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून ते व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात थिओडोर एशरिख यांच्या हाताखाली काम करू लागले.

रक्तरसजन्य आजार
त्या काळी घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेला प्रतिविषयुक्त रक्तरस टोचला जाई. काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर पित्त व सांधेदुखी होई. तोच रक्तरस पुन्हा टोचल्यास हा त्रास फार लवकर सुरू होई. पिर्के व त्यांचे सहकारी बेला शिक यांनी या निरीक्षणांवर आधारलेला ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. शरीराचे रक्षण करणारी प्रतिपिंडेच प्रसंगी आजारास कारणीभूत होतात, हा त्यांचा निष्कर्ष तत्कालीन समजुतींना धक्का देणारा होता. परक्या पदार्थाशी संबंध आल्यानंतर शरीराच्या प्रतिसादात होणाऱ्या बदलास पिर्के यांनी 'वेगळा' व 'कार्य' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ॲलर्जी हे नाव दिले.

महाराष्ट्रात या संशोधनाचे महत्त्व आजही आहे. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्यांपासूनच तयार होते. मुंबईतील हाफकिन संस्था त्याच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. भातलावणीच्या दिवसांत पनवेल, कर्जत यांसारख्या भागांत सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविष देताना डॉक्टर तीव्र प्रतिक्रियेवर लक्ष ठेवतात, ते याच कारणाने.

त्वचा चाचणी
१९०७ मध्ये पिर्के यांनी हाताच्या त्वचेवर ट्युबरक्युलिनचा थेंब ठेवून तेथे ओरखडा काढण्याची पद्धत मांडली. संसर्ग झालेला असल्यास ती जागा लाल होऊन फुगते. निरोगी दिसणाऱ्या अनेक मुलांतही ही खूण उमटली. त्यावरून संसर्ग असणे आणि रोग असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट झाले.

रक्तचाचण्यांचा पाया
ॲलर्जीस कारणीभूत असणारे आयजीई हे प्रतिपिंड पिर्के यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने सापडले. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. त्यानंतर धूलिकीटक, परागकण, शेंगदाणा अशा विशिष्ट पदार्थांविरुद्धचे आयजीई रक्तात मोजण्याच्या चाचण्या विकसित झाल्या. ॲलर्जीची औषधे थांबवता येत नसतील किंवा अंगभर इसब असेल, तर त्वचा चाचणीऐवजी या चाचण्या उपयोगी पडतात. तथापि, चाचणी सकारात्मक आली म्हणजे ॲलर्जीचा आजार आहेच असे नाही. तो पदार्थ खाल्ल्यावर किंवा त्याच्याशी संपर्क आल्यावर प्रत्यक्ष त्रास होतो का, हे पाहावे लागते. एकूण आयजीई तर पोटातील जंतांमुळेही वाढते. केवळ अहवालावरून मुलांचे दूध, अंडी बंद केल्यास त्यांचे पोषण बिघडू शकते. क्षयाच्या चाचणीतून पिर्के यांनी दाखवलेला भेद येथेही लागू पडतो.

उत्तरायुष्य
पिर्के यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात व नंतर ब्रेस्लाऊ येथे बालरोगशास्त्राचे अध्यापन केले. १९११ मध्ये ते एशरिख यांच्या जागी व्हिएन्नास परतले. पहिल्या महायुद्धानंतर उपासमार झालेल्या ऑस्ट्रियातील मुलांसाठी अमेरिकी मदतीतून चाललेल्या अन्नवाटपाची सूत्रे त्यांनी सांभाळली. एक ग्रॅम दुधाचे पोषणमूल्य हे एकक मानून त्यांनी आहाराचे मोजमाप बसवले होते. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले; पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९२९ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांनी पत्नी मारिया यांच्यासह व्हिएन्ना येथे आत्महत्या केली.