एव्हरार्ड कॅलथ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (३ मार्च, इ.स. १८५७ – ३० मार्च, इ.स. १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंते व संशोधक होते. महाराष्ट्रातील बार्शी लाईट रेल्वे ह्या नॅरोगेज लोहमार्गाचे ते जनक मानले जातात. कच्च्या व चढउताराच्या जमिनीवरून, हलक्या रुळांवरून जड माल सुरक्षितपणे वाहून नेता येतो, हे त्यांनी ह्या मार्गाद्वारे सिद्ध केले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी वैमानिकांचे प्राण वाचवण्यासाठी हवाई छत्री विकसित केली.

प्रारंभिक जीवन

कॅलथ्रॉप ह्यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील डीपिंग येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण अपिंगहॅम येथील शाळेत झाले. त्यांचे बंधू सर गाय कॅलथ्रॉप हे पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले. इ.स. १८७४ मध्ये एव्हरार्ड ह्याच कंपनीत उमेदवारीस लागले. इ.स. १८७९ मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले. इ.स. १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे इंजिन निरीक्षक म्हणून ते भारतात आले.

पार्श्वभूमी

बार्शी ही बालाघाट डोंगररांगेच्या पायथ्याची कापूस व गळिताच्या धान्याची मोठी बाजारपेठ होती. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या परिसरापासून येडशीच्या पुढेपर्यंत पसरलेला बालाघाटाचा प्रदेश त्या काळी निजामाच्या राज्यात होता. मुंबई–सोलापूर मुख्य लोहमार्ग मात्र बार्शीपासून सुमारे २१ मैल दूर, आजच्या कुर्डुवाडीवरून गेला होता. एवढे अंतर माल बैलगाड्यांनी न्यावा लागे. काळी जमीन पावसाळ्यात फुगून मऊ होते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे भरलेल्या गाड्यांची चाके रुतत आणि वाहतूक खोळंबे. मुख्य मार्गासारखा रुंद व भारी लोहमार्ग टाकण्याचा खर्च एवढ्या वाहतुकीतून भरून निघण्याजोगा नव्हता.

बार्शी लाईट रेल्वे

दीर्घ वाटाघाटींनंतर इ.स. १८९५ मध्ये कॅलथ्रॉप ह्यांनी बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन केली व ते स्वतः तिचे सल्लागार अभियंता झाले. अडीच फूट (७६२ मिमी) रुंदीचा हा मार्ग इ.स. १८९७ मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळील न्यूले येथे तीव्र चढ व वळणे असलेला चाचणी मार्ग उभारून त्यांनी इंजिन व डब्यांची परीक्षा घेतली होती.

त्यांच्या रचनेचा पाया साधा होता. रूळ व त्याखालील जमीन ह्यांवरील ताण केवळ गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. प्रत्येक आसावर किती भार येतो हे निर्णायक असते. एखाद्या आसावर जास्त भार आला, तर मऊ जमिनीवर तेथील रूळ खचतो आणि गाडी घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून त्यांनी प्रत्येक आसासाठी ५ टनांची मर्यादा घातली आणि इंजिन, मालडबे व प्रवासी डबे ह्या सर्वांना ती लागू केली. त्यामुळे दर वारी अवघे ३० पौंड (मीटरमागे सुमारे १५ किलो) वजनाचे रूळ पुरेसे ठरले.

किटसन कंपनीने बांधलेल्या इंजिनांचे वजन सहा आसांवर विभागलेले होते. मालडब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे होते. डब्याचे स्वतःचे वजन घटल्याने तेवढाच अधिक माल भरता येई. वळणावर आपोआप वळणाऱ्या बोगींमुळे लांब डबेही तीव्र वळणांवरून जाऊ शकत.

हा मार्ग इ.स. १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आणि येडशीची चढण पार करून इ.स. १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. त्यामुळे मराठवाड्यातील शेतमालास थेट मुख्य लोहमार्ग मिळाला व पंढरपूरच्या वारकऱ्यांचीही सोय झाली.

इतर लोहमार्ग

वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस रेल्वेच्या पुनर्बांधणीतही कॅलथ्रॉप ह्यांचा सहभाग होता. इंग्लंडमध्ये त्यांनी स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. ती इ.स. १९०४ मध्ये सुरू झाली. मुख्य मार्गावरचा भरलेला डबा माल न उतरवता जसाच्या तसा नॅरोगेजवरून नेणारे खास वाहक डबे हे तिचे वैशिष्ट्य होते. तेथील एका इंजिनास कॅलथ्रॉप ह्यांचे नाव देण्यात आले.

हवाई छत्री

कॅलथ्रॉप ह्यांचे मित्र व रोल्स-रॉईसचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स इ.स. १९१० मध्ये विमान अपघातात मरण पावले. त्यानंतर कॅलथ्रॉप ह्यांनी हवाई छत्रीच्या कामास वाहून घेतले. त्यांच्या 'गार्डियन एंजल' ह्या रचनेत छत्री विमानाला जोडलेल्या डब्यात घडी करून ठेवलेली असे. वैमानिकाने उडी मारताच त्याच्या वजनाने ती बाहेर ओढली जाई. इ.स. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी घेऊन तिचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. एवढ्या कमी उंचीवरूनही ती उघडते, हे त्यातून दिसले.

तरीही पहिल्या महायुद्धाचा बराच काळ ब्रिटिश अधिकाऱ्यांनी विमानाच्या वैमानिकांना छत्री दिली नाही. तिचे वजन व तिला लागणारी जागा हे आक्षेप घेतले गेले. शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवण्यासाठी मात्र ती वापरण्यात आली. इ.स. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्री वापरू लागले होते, तेव्हाही बहुतेक ब्रिटिश वैमानिकांना पेटलेल्या विमानातून सुटण्याचा मार्ग नव्हता.

व्यक्तिगत जीवन व मृत्यू

इ.स. १८९० मध्ये त्यांचा विवाह इझाबेल मेरी अर्ल ह्यांच्याशी झाला. अरबी घोड्यांची पैदास हा त्यांचा छंद होता आणि घोड्यांविषयी त्यांनी पुस्तकही लिहिले. ३० मार्च, इ.स. १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बार्शी लाईट रेल्वे मिरजेपर्यंत पोहोचली.

वारसा

बार्शी लाईट रेल्वे इ.स. १९५४ मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली. इ.स. २००० नंतर तिचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि नॅरोगेज गाड्या बंद झाल्या. कुर्डुवाडी–लातूर व कुर्डुवाडी–मिरज हे आजचे लोहमार्ग मुख्यतः त्याच जुन्या जोडणीवर उभे आहेत. एकूण भार अनेक आसांवर समान विभागण्याचे तत्त्व आजही जड मालवाहू वाहनांच्या रचनेत पाळले जाते.